काम चालू, रस्ताही चालू

१८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २८३ होते. सार्वजनिक मार्गावर आपल्या कृतीने, किंवा आपल्या ताब्यातील वस्तूची योग्य व्यवस्था न ठेवल्याने, कोणाला धोका, अडथळा वा इजा झाली तर दंड : जास्तीत जास्त दोनशे रुपये. रस्त्यात खड्डा खणून त्यावर दिवा न लावणारा याच कलमाच्या कक्षेत येई. १८६० मध्ये दोनशे रुपये म्हणजे मजुराची कित्येक महिन्यांची कमाई होती. हे कलम ३० जून २०२४ पर्यंत अमलात होते, आणि त्या शेवटच्या दिवशीही दंडाची कमाल मर्यादा दोनशे रुपयेच होती.

हा धागा त्या दोनशे रुपयांचा आहे. रस्त्याचे काम चालू असताना त्याच रस्त्यावरून रात्री माल घेऊन जाणारा ट्रकचालक आणि त्या रस्त्यावर राबणारा मजूर या दोघांच्या सुरक्षिततेचा विचार कोणी, कधी आणि कितपत केला, याचा हा इतिहास आहे. (धागा)

राजमाता जिजाऊंचे जन्मस्थान म्हणून इतिहासप्रेमींना परिचित असलेल्या सिंदखेड राजा परिसरातून आज समृद्धी महामार्ग जातो. तो बांधला जात असताना, २० ऑगस्ट २०२१ रोजी, ताडेगावजवळ एक मालवाहू गाडी उलटली. गाडीत महामार्गाच्या कामासाठीच्या लोखंडी सळया होत्या आणि त्याच गाडीत त्या कामावरचे मजूरही बसलेले होते. तेरा मजूर मृत्युमुखी पडले. गाडी उलटते तेव्हा माणसे बाहेर फेकली जातात. सळया त्यांच्यावर येतात. माल आणि माणसे एकत्र वाहून नेण्याचा धोका समजण्यासाठी यापेक्षा अधिक तपशिलाची गरज नाही.

महामार्गाच्या कामावरचे अपघात म्हटले की डोळ्यांसमोर भरधाव ट्रक आणि त्याखाली आलेला मजूर एवढेच चित्र येते. प्रत्यक्षात कामावरचा डंपर, कामावरचा मजूर आणि तिथून केवळ जाणारा ट्रकचालक असे तीन पक्ष त्या अरुंद पट्ट्यात एकमेकांना धोका निर्माण करत असतात. त्यांपैकी कोणाचीही तिथली वेळ ठरलेली नसते. हा प्रश्न जेथे सर्वप्रथम सोडवला गेला, ते ठिकाण मात्र रस्ता नव्हते.

ते होते लोहमार्ग. बोरघाटातील लोहमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये पूर्ण झाले. १८६१ च्या सुमारास तेथे बेचाळीस हजारांवर माणसे राबत होती. पटकीने, सुरुंगांनी, कड्यावरून पडून किती मेली याचा धड हिशेब राहिला नाही. तेव्हा रेल्वे कंपनी मजुरांबाबत दयाळू होती असे म्हणण्याचा प्रश्नच नाही. परंतु एकदा गाड्या धावू लागल्यावर रुळांच्या दुरुस्तीचे जे नियम घडले, त्यांत एक तत्त्व होते : ज्या वेळी रूळ उखडलेला आहे, त्या वेळी तो गाडीचा नाही. तो गँगचा आहे.

हे तत्त्व नुसते कागदावर नव्हते. काम चाललेल्या जागेच्या अलीकडे आडवे लाल निशाण ताणायचे. त्याच्याही बरेच अलीकडे रुळावर डेटोनेटर बसवायचे, ज्यांना रेल्वेत ‘फटाके’ म्हणतात. चाक त्यावरून गेले की स्फोटाचा आवाज होतो आणि धुके असो, पाऊस असो, इंजिनचालकाला थांबावेच लागते. हा फटाका १८४१ मध्ये एडवर्ड काउपर या इंग्रज अभियंत्याने शोधला. भारतीय रेल्वेच्या सामान्य नियमांत रुंदमापी मार्गासाठी हे फटाके कामाच्या जागेपासून १२०० मीटर अलीकडे ठेवण्याची तरतूद आहे. चालकाच्या दक्षतेवर सगळे सोडलेले नाही. तो क्षणभर बेसावध असेल, असे गृहीत धरूनच अंतर ठरवलेले आहे.

रस्त्याला असे तत्त्व लाभले नाही. १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत बोरघाटातून चाकाच्या गाड्यांसाठी रस्ता झाला, तेव्हा त्यावरून बैलगाड्या जात. बैल दिसलेल्या खड्ड्यापाशी आपोआप थांबतो. बाजूला खडीचे ढीग, मधे बसून दगड फोडणारे लोक आणि त्यांना वळसा घालून जाणारी गाडी, या सगळ्यांचा वेग जवळपास सारखाच. पुढे सार्वजनिक बांधकाम खात्याने रस्त्याच्या देखभालीसाठी मैलामैलावर माणसे नेमली. ‘मैलकुली’ हा शब्द महाराष्ट्रात त्यातूनच रुळला. मैलकुलीच्या हाती फावडे, घमेले आणि रात्री फार तर एक कंदील. तेवढे पुरे होते, कारण येणाऱ्याचा वेग ताशी चार-पाच किलोमीटर होता.

वेगवान वाहन आले तेव्हा इंग्लंडने आधी उलट दिशेने विचार केला होता, हे आज आठवले की गंमत वाटते. १८६५ च्या लोकोमोटिव्ह कायद्यानुसार रस्त्यावरून जाणाऱ्या वाफेच्या गाडीपुढे किमान साठ यार्डांवर एका माणसाने लाल निशाण घेऊन चालणे बंधनकारक होते. वेगाची मर्यादा गावाबाहेर ताशी चार मैल, गावात दोन. म्हणजे रस्त्याला सावध करण्याची जबाबदारी वाहनाची होती. १८९६ मध्ये हलक्या मोटारींची या बंधनातून सुटका झाली आणि लाल निशाण हळूहळू वाहनापुढून निघून खोदलेल्या जागेपुढे जाऊन उभे राहिले. आजही राज्यातल्या कोणत्याही घाटात एकेरी वाहतूक चालू असली की दोन्ही टोकांना लाल-हिरवी झेंडी घेतलेले दोन मजूर दिसतात. लाल निशाणवाल्या त्या माणसाचे हे वारस.

त्या साठ यार्डांचे मीटर केले तर सुमारे पंचावन्न होतात. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे भारतातील रस्त्यांची मानके ठरवणारी संस्था, चालकाला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद लागतात असे धरते. या अडीच सेकंदांत वाहन सुमारे ५५ मीटर पुढे गेलेले असते, तेही वेग जराही कमी न होता. त्यानंतर प्रत्यक्ष थांबण्याचे अंतर. दोन्ही मिळून ८० च्या वेगाला १२० मीटर आणि १०० च्या वेगाला १८० मीटर, हे संस्थेचे मान्य आकडे आहेत. आता मंद प्रकाशझोतात म्हणजे ‘डिपर’वर दिवे असताना समोरचे सुमारे पन्नास मीटरच नीट उजळतात. मातीने माखलेला, रिफ्लेक्टर निघून गेलेला डांबराचा ड्रम चालकाला दिसतो तेव्हा त्याचा पाय ब्रेकपर्यंत पोहोचायच्या आत ड्रम गाडीखाली गेलेला असतो. चालक कितीही निष्णात असला तरी हे गणित बदलत नाही.

मालाने भरलेल्या ट्रकसाठी ते आणखी कठीण होते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकमध्ये दाब मागच्या चाकांपर्यंत पोहोचायला काही क्षण जातात. वजन जितके जास्त तितकी जिरवायची ऊर्जा जास्त आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट. घाटाच्या उतारावर ब्रेक तापून निकामी होण्याची भीती वेगळीच. त्यात डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलला टाकण्याची जुनी, जीवघेणी सवय. २०१८ मध्ये केंद्र सरकारने ट्रकच्या कायदेशीर भारमर्यादा वाढवल्या. तीन आसांच्या ट्रकची एकूण मर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर गेली. मालवाहतूकदारांच्या दृष्टीने निर्णय सोयीचा होता. थांबण्याचे अंतर मात्र कोणत्याही अधिसूचनेने कमी होत नाही.

कामाच्या पट्ट्यात सर्वांत घातक जागा कोणती, याबद्दलही सर्वसाधारण समज चुकीचा आहे. ती जागा खोदलेला खड्डा नव्हे. खड्ड्याच्या अलीकडे, जेथे दोन मार्गिकांची एक होते, तेथे वाहनांची रांग लागते. त्या रांगेचे शेपूट म्हणजे खरी धोक्याची जागा. फलक तर एका जागी रोवलेला असतो, पण शेपूट सरकत राहते. सकाळी ते फलकाच्या पुढे असते, संध्याकाळी गर्दी वाढली की फलकाच्या कितीतरी मागे येते. मागून येणाऱ्या ट्रकला ‘काम चालू’ दिसण्याआधी थांबलेल्या गाडीची मागची बाजू दिसते.

हे सगळे अमेरिकेने आपल्या महामार्गांवर माणसे गमावून शिकले. लॉस एंजेलिस शहरात रस्त्यावर पट्टे रंगवणाऱ्या चार्ल्स स्कॅनलन याला लाकडी अडथळ्यांचा वैताग होता : गाडी धडकली की अडथळा मोडे, गाडीचेही नुकसान होई. त्याने आत पोकळ, धडक बसली तरी पुन्हा उभा राहणारा शंकू बनवला. त्याचे पेटंट १९४३ चे. आज जगभर दिसणारा नारिंगी शंकू तो हाच, मात्र त्याचा रंग नंतरचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय रस्तासंकेत पुस्तिकेत कामाच्या जागांसाठी स्वतंत्र विभाग आला तो १९६१ च्या आवृत्तीत, आणि नारिंगी हा कामाच्या जागेचा खास रंग ठरला १९७१ मध्ये. तोवर इशाऱ्याचा साधा पिवळा रंगच वापरात होता. पुढे वळण आहे आणि पुढे माणसे उभी आहेत, या दोन गोष्टी एकाच रंगात सांगितल्या जात होत्या.

भारतातील कथा एका मराठी माणसापासून सुरू होते. १९२७ मध्ये मुकुंद रामराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय रस्ते विकास समिती नेमली गेली. जयकर म्हटले की कायदेपंडित, हिंदू महासभा, पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू हे आठवते. रस्ते सहसा आठवत नाहीत. वास्तविक भारताच्या आधुनिक रस्तेव्यवस्थेचा पाया त्यांच्या समितीच्या अहवालात आहे. पेट्रोलवरील करातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले. त्यांनी आखलेल्या वीस वर्षांच्या आराखड्याला आजही ‘नागपूर योजना’ म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग ही विभागणी तेथली.

इतकी दूरदृष्टी असलेल्या या परंपरेत एक गोष्ट फार उशिरा आली. रस्त्याच्या कामाच्या जागी सुरक्षितता कशी राखावी यासाठीची इंडियन रोड्स काँग्रेसची स्वतंत्र मार्गदर्शिका, ‘एसपी ५५’, प्रसिद्ध झाली २००१ मध्ये. संस्थेच्या स्थापनेनंतर सदुसष्ट वर्षांनी. फावडे मारणाऱ्या माणसाचे चित्र असलेला त्रिकोणी फलक त्याआधीही होता, पण फलक किती अंतरावर, कितीदा, मार्गिका कोणत्या कोनात अरुंद करायची, काम आणि वाहतूक यांच्यात किती मोकळी जागा सोडायची, झेंडीवाल्याने कोठे उभे राहायचे, याची एकत्रित शिस्त नव्हती. मार्गदर्शिकेने कामाचा पट्टा टप्प्यांत विभागला : आधी पूर्वसूचनेचा, मग मार्गिका वळवण्याचा, मग प्रत्यक्ष कामाचा आणि शेवटी वाहतूक पूर्ववत होण्याचा. २०१४ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली.

२००१ हे वर्षही विलक्षण आहे. दिल्ली, मुंबई, चेन्नई, कोलकाता यांना जोडणाऱ्या ५,८४६ किलोमीटरच्या सुवर्ण चतुष्कोनाची कामे त्याच सुमारास देशभर सुरू होती. म्हणजे भारताच्या इतिहासातील तोवरची सर्वांत मोठी रस्तेखोदाई चालू असताना खोदलेल्या रस्त्यावर वाहतूक कशी चालवावी, याचे पुस्तक छापखान्यातून बाहेर पडत होते.

आणि ही खोदाई बहुतांशी नव्या, रिकाम्या जागेवर नव्हती. जुना दुपदरी रस्ता चालू ठेवून त्याच्याच अंगाला चौपदरी करायचा, पुढे तोच चालू ठेवून सहापदरी करायचा, ही पद्धत. पुणे-सातारा मार्गाच्या सहापदरीकरणाला २०१० मध्ये आरंभ झाला आणि ठरलेली मुदत उलटल्यावरही ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये पनवेल-इंदापूर टप्प्याने सुरू झाले आणि दशक उलटले तरी कोकणात गणपतीला जाणारा माणूस ‘डायव्हर्शन’चे फलक मोजतच जात राहिला. कामाचा पट्टा म्हणजे चार आठवड्यांची तात्पुरती अडचण, असे गृहीत धरून लावलेले पत्रे, ड्रम आणि रंगवलेले दगड जेव्हा दहा पावसाळे काढतात, तेव्हा ते संकेत राहत नाहीत. रिफ्लेक्टर धुळीने आंधळे होतात, ड्रम चोरीला जातात, पट्टे पुसले जातात. जुना पट्टा नव्या डांबराखालून पुन्हा डोकावतो आणि चालकाला थेट बंद मार्गिकेत नेतो. सरकारी फलकावरची ‘काम चालू, रस्ता बंद’ ही अक्षरे प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहेत. खरी अडचण ही आहे की महामार्गावर त्यातला पूर्वार्धच खरा असतो.

या पट्ट्यात शिरणारा चालक कोणत्या अवस्थेत असतो? १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहू गाडीच्या चालकाला सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती ठरवून दिली होती. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. कागदावर ही उत्तम तरतूद होती. परंतु १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता आणि भारतातील ट्रकव्यवसाय प्रामुख्याने एक-दोन गाड्यांच्या मालकांचा आहे. ज्या चालकाला त्या मर्यादेची सर्वाधिक गरज होती, तोच नेमका तिच्याबाहेर राहिला. मालकाचा हप्ता, भाड्याचा दर आणि माल पोहोचवण्याची वेळ यांनी त्याचे तास ठरवले. केबिनमधल्या उष्णतेकडे तर कायद्याने पाहिले ते अगदी अलीकडे : २०२५ मध्ये नव्याने बनणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या केबिनला वातानुकूलन बंधनकारक झाले. मे महिन्यात विदर्भातून दुपारी ट्रक चालवणे म्हणजे काय, हे ज्याने पाहिले आहे त्याला हा निर्णय चैनीचा वाटणार नाही.

आता पुन्हा कायद्याकडे, कारण या कथेचा खरा तिढा तेथे आहे.

मेकॉलेच्या मूळ मसुद्यात निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याचा गुन्हा होता. १८६० च्या अंतिम संहितेत तो वगळला गेला. दहा वर्षांनी, १८७० मध्ये, तो कलम ३०४-अ म्हणून आत आला. शिक्षा कमाल दोन वर्षे. त्या वेळी मोटार अस्तित्वात नव्हती; पुढील दीडशे वर्षे मात्र हे कलम मुख्यतः वाहनचालकांचे कलम म्हणून ओळखले गेले. कंत्राटदाराला किंवा अभियंत्याला ते लागू होत नव्हते असे नाही. फक्त अपघातस्थळी स्टिअरिंगमागे बसलेला माणूस समोर दिसतो. रात्री दिवा न लावण्याचा निर्णय कोणाचा होता, हे शोधावे लागते.

नोंदीही त्याच दिशेने झुकतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण ‘अतिवेग’ असे नोंदवले गेले. अतिवेग खोटा नाही. पण ही आकडेवारी पोलीस ठाण्यातील नोंदींवर उभी असते आणि त्या नोंदी गुन्हेगार शोधण्यासाठी केलेल्या असतात, रस्त्याचा दोष शोधण्यासाठी नव्हे. कामाच्या जागी ताशी चाळीसची मर्यादा सांगणारा फलक आडवा पडलेला असेल, तर ऐंशीने आलेला ट्रक अतिवेगानेच आला होता. इतिहासाच्या अभ्यासकांना हे नवे नाही. कोणत्याही दप्तरात तेच सापडते जे नोंदवण्यासाठी ते दप्तर ठेवलेले असते.

२०१९ च्या मोटार वाहन (दुरुस्ती) कायद्याने प्रथमच कलम १९८-अ आणले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल यांची मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, कंत्राटदार, सल्लागार किंवा सवलतधारक कंपनी जबाबदार. तत्त्व म्हणून हे पाऊल मोठे आहे. रस्ताही दोषी असू शकतो, हे मोटार कायद्याने मान्य केले. शिक्षा मात्र केवळ दंड, तोही कमाल एक लाख रुपये. शेकडो कोटींच्या कामात एक लाख रुपयांची जरब किती, हे सांगण्यासाठी अर्थशास्त्री लागत नाही.

मग आली भारतीय न्याय संहिता. तिच्या कलम १०६(२) नुसार बेदरकार गाडी चालवून मृत्यू घडवणारा चालक पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कारावास. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दिवशी देशभरचे ट्रक आणि टँकरचालक रस्त्यावर उतरले. मनमाडजवळच्या पानेवाडी इंधन प्रकल्पातून टँकर हलेनात आणि नागपूरपासून मुंबईपर्यंत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. चालकांचे म्हणणे होते की अपघातानंतर तेथे थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही. २ जानेवारीला सरकारने वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा करून अंमलबजावणी थांबवली आणि १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम त्यातून वगळले गेले. त्या दोन दिवसांत शहरी मध्यमवर्गाची चर्चा पेट्रोलभोवतीच फिरली. दहा वर्षे एका बाजूला आणि एक लाख रुपये दुसऱ्या बाजूला, ही तुलना फारशी कोणी केली नाही.

त्याच १ जुलैला जुने कलम २८३ इतिहासजमा झाले. नव्या संहितेत त्याची जागा कलम २८५ ने घेतली. दोनशेचे पाच हजार झाले.

चालू वाहतुकीतच काम करणे ही निसर्गाने लादलेली अट नाही, हे महाराष्ट्राने स्वतः दोनदा पाहिले आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खंडाळ्याजवळचा ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल कित्येक वर्षे वाहतुकीला अडसर ठरला होता. त्याचे खांब मार्गिकांच्या मधोमध येत. एवढ्या वाहतुकीत तो पाडायचा कसा, हा प्रश्न होता. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीने द्रुतगती मार्ग ओस पडला आणि त्या काही दिवसांत सुरुंग लावून पूल पाडला गेला. रेल्वेच्या भाषेत तो ‘ब्लॉक’ होता. तो मिळायला महामारी यावी लागली.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तेथे कोणतेही संकट निमित्ताला नव्हते. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात चौपदरीकरणासाठी उभा डोंगर कापायचा होता. वर यंत्रे, खाली चालू महामार्ग आणि मधे सुटी दरड. २०२२ च्या आणि पुन्हा २०२३ च्या उन्हाळ्यात प्रशासनाने दुपारचे काही तास घाट वाहतुकीला पूर्ण बंद ठेवला. २०२३ मध्ये २५ एप्रिलपासून ही वेळ दुपारी बारा ते पाच अशी होती. हलकी वाहने लोटे-चिरणी-कळंबस्ते या गावांकडून वळवली गेली. अवजड वाहनांना त्या अरुंद रस्त्याने जाता येत नसल्याने ती घाटाच्या दोन्ही बाजूंना थांबवली जात. प्रवाशांनी कुरकुर केली, व्यापाऱ्यांनी उशिराच्या तक्रारी केल्या. पण त्या पाच तासांत रस्ता कोणाचा, याबद्दल संदिग्धता नव्हती. पोकलेन वर चालत, खाली कोणी नसे. ट्रकचालक सावलीला गाडी लावून झोप काढत. पाच वाजता खाली आलेले दगड बाजूला सारून घाट उघडला जाई आणि रांग पुढे सरके.